वैधता

दुकानाच्या काचेवर चिकटवलेला तक्ता
उन्हाने फिकट, आकडे तेवढे पेनाने पुन्हा गिरवलेले.
अठ्ठावीस. छप्पन्न. चौऱ्याऐंशी.
इलियास म्हणतो, बोला ताई, कुठला मारू?
एका हातात भजीपाव, दुसऱ्या हातात माझा नंबर.

थांब म्हटलं.
कन्नमवार नगरात सतरा वर्षं भाजी घेतेय,
जुडी उलटी करून बघितल्याशिवाय पिशवीत टाकत नाही.
ह्याची उलटी बाजू कुठे असते?

रोज दीड जीबी, तो म्हणतो, शंभर मेसेज फुकट.
मला लागतात तीन फोन:
सकाळी ब्युरोच्या मॅडमना, पोचले म्हणून,
दुपारी लेकीला, जेवलीस का म्हणून,
रात्री वहिनीला, काही नाही म्हणून.
मेसेज मला कोण करतं? बँक.
नुसत्या बोलण्याचं काही नाही का रे?
तो हसतो. नुसतं बोलणं आता कोण विकतं, ताई.

रात्री बाराला उरलेला डेटा जातो.
कुठे, ते कुणी सांगत नाही.
दूध उरलं तर विरजण लावते,
भात उरला तर फोडणी देते,
ह्याला काय लावू?
म्हणून निघताना हॉटस्पॉट चालू करून पाच मिनिटं थांबते.
वॉचमनचा पोरगा जिन्यावर बसून सूर्यमाला बघतो.
शनीची कडी
माझ्या पैशाने फिरतात.

आणि हा अठ्ठावीस दिवसांचा महिना काढला कुणी?
पगार सातला, भाडं दहाला,
रिचार्ज मात्र मागे मागे सरकतो,
मार्चात वीसला, मग सतराला, मग पंधराला.
वर्षाला तेरा होतात. मोजून बघा.
म्हणजे दरवर्षी अधिकमास,
आणि वाण कंपनीला.
माझं स्वतःचं अठ्ठावीसचं गणित
दिवाळीपासून बिघडलंय,
कधी पंचेचाळीस, कधी पत्ताच नाही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं ह्या वयात.
फोनचं अजून वेळच्या वेळी.

आज सात तारीख.
पगार आणि रिचार्ज एकाच दिवशी भेटलेत,
तेव्हा चौऱ्याऐंशी परवडेल.
दिवसाला दीड रुपया वाचतो,
लाईटबिलाच्या मागे हिशेब केलाय.
अडचण पैशांची नाही.
म्हणजे आहे, पण ती नेहमीची.

अडचण टिपणीस आजोबांची आहे.
पवई, बारावा मजला, सकाळी आठ ते रात्री आठ.
नळीतून पेज, दोन तासांनी कूस बदलायची,
पाठीला पावडर.
शुक्रवारी डॉक्टर दारात चपला शोधता शोधता
त्यांच्या मुलाला म्हणाले, आता दिवस मोजायचे.
किती, ते नाही म्हणाले.
ब्युरोचा नियम असा की पेशंट गेला की काम संपलं,
पुढचं मिळेपर्यंत घरी बसा,
फोन चालू ठेवा.

तर अठ्ठावीस मारावं
तर मी त्यांना अठ्ठावीसच दिले असं होतं.
चौऱ्याऐंशी मारावं
तर कुणाच्या खात्यातून?
काल पाठ पुसताना म्हणाले, मालन, तुझा फोन वाजतोय.
वाजत नव्हता.
म्हटलं, वाजू दे, नंतर घेते.

ताई, मागे लाईन आहे.
मागे एकच मुलगा, कानात बोंडं घातलेला,
त्याला घाई नाही, इलियासलाच आहे.
पाकिटातून पाचशेची एक काढली, शंभराच्या दोन,
बाकी सुट्टे काचेवर मोजून ठेवले.
चौऱ्याऐंशी मार, म्हटलं,
आणि नंबर नीट बघून दाब,
मागच्या वेळी शेवटचा तीन तू आठ वाचलास,
कुणीतरी महिनाभर माझ्या पैशाने बोललं.

मेसेज लगेच आला.
तीस ऑक्टोबरपर्यंत.

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या औषधांच्या वहीत
शेवटच्या पानावर ती तारीख लिहून ठेवली.
कशाची, ते लिहिलं नाही.